चाळणीवरचे आणि चाळणीखालचे

पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी वडगाव मागे टाकून लोणावळ्याच्या दिशेने चढू लागली म्हणजे इंद्रायणीच्या खोऱ्यात कामशेत नावाचे जे गाव लागते, त्या गावी, बडोदे संस्थानच्या सेवेतून १९२५ साली निवृत्त झाल्यावर, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी आपले उत्तरायुष्य व्यतीत केले आणि तेथेच १९५९ साली त्यांनी देह ठेवला. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेल्या लक्षावधी मोडी कागदांतून निवड करून त्यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत ४५ भाग प्रसिद्ध झाले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. परंतु त्या कामाचे बाह्य स्वरूप काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. रुमाल सोडायचा, कागद उलगडायचा, त्याला ठरवून घेतलेल्या कसोट्या लावायच्या, कसोटीला उतरला तर तो नकलेसाठी बाजूला ठेवायचा आणि न उतरला तर पुन्हा त्याच रुमालात बांधून जागच्या जागी ठेवून द्यायचा, असे ते काम होते. यातील शेवटच्या क्रियेकडे, म्हणजे न निवडलेला कागद पुन्हा रुमालात बांधण्याकडे, मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो, कारण प्रस्तुत आढाव्यात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, त्याचे सारे मर्म मला त्या एका क्रियेत साठविलेले दिसते.

प्रश्न असा आहे की, ओळी आणि रकाने यांनी बनलेला एखादा मोठा तक्ता समोर असता, त्यातून विशिष्ट अटीत बसणाऱ्या ओळी तेवढ्या वेगळ्या कशा काढाव्यात, आणि विशेषतः ‘आर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत हे काम ज्या निरनिराळ्या रीतींनी केले जाते, त्यांतील कोणती रीत कोठे विश्वासार्ह ठरते. दिसावयास हे काम अगदी किरकोळ आहे. शिकाऊ विद्यार्थी ते पहिल्याच आठवड्यात शिकतो. तथापि पर्जन्यमान, पीकपाणी, जनगणना, रोगराई अशा विषयांवरचे जे निष्कर्ष आपण छापील अहवालांतून वाचतो, त्यांतील फारच थोडे असे असतील की ज्यांच्या मुळाशी अशी एखादी गाळणी लावलेली नाही. आणि ती चुकली तर पुढचे सगळे गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते, शिवाय चुकल्याची कोणतीही खूण कागदावर उरत नाही.

या विचाराचा इतिहास संगणकाहून जुना आहे. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांच्या नियमांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘सत्य’ आणि ‘असत्य’ या दोन मूल्यांवर बेरीज-गुणाकारासारख्या क्रिया करता येतात हे त्याने दाखविले. त्याची पत्नी मेरी ही, ज्यांचे नाव हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास दिले गेले त्या सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी होती. आणि ज्याच्या नावाचे दोन नियम आजही प्रत्येक अट उलटी करताना वापरावे लागतात, तो ऑगस्टस डी मॉर्गन तर १८०६ साली मद्रास इलाख्यातील मदुरेत जन्मला होता. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथने भोके पाडलेली कार्डे विजेच्या यंत्रातून चालवून अटीनुसार वेगळी केली. १९६२ साली केनेथ आयव्हर्सनने आपल्या संकेतलिपीत, सत्यासत्याची एक माळ दुसऱ्या माळेवर ठेवून ‘सत्य’ असेल तेथलेच मूल्य उचलण्याची क्रिया स्वतंत्रपणे मांडली. आणि १९७६ पासून बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी जी ‘एस’ नावाची भाषा घडविली, तिच्यात हीच क्रिया चौकटी कंसांत जाऊन बसली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या ‘एस’च्या धर्तीवर ‘आर’ रचली आणि तिची पहिली परिपूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी बाहेर पडली. एवढी वंशावळ पुरे आहे.

उदाहरणासाठी मी पावसाचा तक्ता घेतो, आणि तोही मावळचाच, कारण अटीचा विचार शिकण्यास याहून चांगली भूमी मला ठाऊक नाही. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून लोहमार्गाने अवघ्या ६४ किलोमीटरवर असलेल्या पुण्यास तो ७०० च्या आसपास येतो. वडगाव, तळेगाव ही मधली गावे या उतरंडीवर मध्येच कोठे तरी उभी आहेत. याच पावसावर भरणाऱ्या वळवणसारख्या तलावांच्या पाण्याने १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली, ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ साली भिवपुरीची. आणि याच पावसाच्या भरवशावर वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो. तेव्हा येथे किती दिवस किती पाऊस पडला, हा प्रश्न कुतूहलापुरता नाही.

हवामानखात्याच्या व्यवहारात अटी ठरलेल्याच आहेत. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’, ६४.५ ते ११५.५ पर्यंत मुसळधार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. त्यापुढे त्याहून वरची श्रेणी. समजा, लोणावळ्याच्या एका पावसाळ्याचा, म्हणजे १ जून ते ३० सप्टेंबर या काळाचा तक्ता आपल्यापुढे आहे. त्यात १२२ ओळी असणार. प्रत्येक ओळीत तारीख, ठिकाण, पाऊस आणि शेरा असे रकाने. आता ६४.५ वा अधिक पावसाच्या ओळी काढा, असे आपण ‘आर’ला सांगतो. ती प्रथम पावसाच्या रकान्याच्या प्रत्येक मूल्याची ६४.५ शी तुलना करून सत्यासत्यांची १२२ मूल्यांची माळ तयार करते आणि मग ती माळ तक्त्यावर ठेवून ‘सत्य’ असलेल्या ओळी उचलते. चौकटी कंसात या माळेनंतर एक स्वल्पविराम द्यावा लागतो, कारण स्वल्पविरामापूर्वी ओळी आणि नंतर रकाने अशी तेथील शिस्त आहे; तो राहिला तर ती माळ ओळींऐवजी रकान्यांना लागू होते आणि भाषा तक्रार करते. हा दोष सुदैवाने लगेच उघडकीस येतो. जे दोष उघडकीस येत नाहीत, त्यांचा विचार अधिक निकडीचा आहे.

त्यांत अग्रपूजेचा मान रिकाम्या नोंदीचा. पावसाच्या वहीत शून्य आणि रिकामी जागा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते: शून्य म्हणजे मोजले आणि पाऊस नव्हता, रिकामी जागा म्हणजे मोजलेच गेले नाही किंवा मोजले ते उतरवले गेले नाही. ‘आर’ रिकाम्या जागेसाठी ‘एन ए’ हे स्वतंत्र मूल्य ठेवते आणि ‘एन ए ६४.५ पेक्षा मोठा आहे काय’ या प्रश्नाला ‘होय’ही म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही, ‘सांगता येत नाही’ असे तिसरे उत्तर देते. हे उत्तर यांत्रिक नसून विचारपूर्वक आहे. ‘ठिकाण लोणावळा आहे आणि पाऊस ६४.५ वर आहे’ अशी जोडअट असता, पाऊस अज्ञात असला तरी ठिकाण तळेगाव असेल तर ती स्पष्टपणे ‘असत्य’ म्हणते, कारण पावसाचा आकडा काहीही निघाला तरी उत्तर बदलणार नसते. ठिकाण लोणावळा असेल तरच ती अज्ञान कबूल करते. मनुष्यही याहून शहाणपणाने वागला नसता.

वाद सुरू होतो तो यापुढे: ‘सांगता येत नाही’ अशा ओळीचे करायचे काय? चौकटी कंसांची जुनी रीत ती ओळ गाळत नाही. परंतु जशीच्या तशी आणतही नाही. तारीख, ठिकाण, पाऊस, शेरा, सर्व रकान्यांत ‘एन ए’ भरलेली एक पोकळ ओळ ती निकालात उभी करते. समजा १२२ दिवसांपैकी २२ दिवस ६४.५ वर, ९४ दिवस त्याखाली आणि ६ दिवस रिकामे आहेत. तर निकालात २८ ओळी येतील, त्यांतील ६ पोकळ. ओळी मोजून ‘मुसळधार दिवस २८’ असे लिहिणारा फसला. उलट ‘सबसेट’ हे फंक्शन, हॅडली विकम यांच्या ‘डीप्लायर’ पॅकेजातील ‘फिल्टर’, आणि मॅट डाउल यांच्या ‘डेटा डॉट टेबल’ची रीत, ही तिन्ही अज्ञाताला ‘असत्य’ समजून मुकाट्याने गाळतात. सत्य असलेल्या जागांचे क्रमांक देणारे ‘विच’ हे फंक्शनही तसेच करते. यांपैकी कशानेही २२ हे उत्तर येते, आणि बहुसंख्य लेखक म्हणूनच त्यांची शिफारस करतात.

येथे माझे मत बहुमताहून थोडे निराळे आहे, आणि ते मी स्पष्टपणे नोंदवितो. २२ हे उत्तर अचूक आहे, पण ते कोणत्या प्रश्नाचे? ‘मोजल्या गेलेल्या ११६ दिवसांत मुसळधार किती’ या प्रश्नाचे. ‘या पावसाळ्यात मुसळधार किती’ या प्रश्नाचे उत्तर २२ पासून २८ पर्यंत काहीही असू शकते. आणि मावळात हे अंतर निरुपद्रवी मानता येत नाही, कारण ज्या दिवशी ओढ्याला पाणी येऊन वाट बंद होते, पर्जन्यमापकातील पाणी वेळेवर ओतले न गेल्याने ते काठावरून वाहून जाते, त्याच दिवसाची नोंद राहून जाण्याचा संभव अधिक. म्हणजे रिकाम्या ओळी जर मुसळधार दिवसांतच दाटलेल्या असतील, तर त्यांना मुकाट्याने गाळणारी रीत घाटमाथ्याचा पाऊस पद्धतशीरपणे कमी दाखवील. जुन्या रीतीच्या त्या सहा पोकळ ओळी कुरूप आहेत खऱ्या, परंतु त्या ओरडून काही तरी सांगतात.

आता हीच अट उलटी करून पाहू. ६४.५ खालचे दिवस मागितले तर ‘फिल्टर’ ९४ देते. २२ आणि ९४ मिळून ११६ होतात, १२२ होत नाहीत. जुन्या जमाखर्चात जमा, खर्च आणि शिल्लक यांची रुजुवात झाल्यावाचून कारकून वही मिटत नसे. त्याच न्यायाने अटीत बसलेल्या, न बसलेल्या आणि अज्ञात अशा तिन्ही ओळींची बेरीज मूळ ओळींशी जुळते की नाही हे प्रत्येक गाळणीनंतर पाहिले पाहिजे. ‘इझ डॉट एन ए’ या फंक्शनने अज्ञात ओळी मोजता येतात आणि या मोजणीला एका ओळीपेक्षा अधिक लिहावे लागत नाही. प्रश्नसूची-भाषा म्हणून ज्ञात असलेल्या ‘एसक्यूएल’मध्येही रिकाम्या नोंदींची हीच गत होते. पायथॉनच्या ‘पांडाज’ची तऱ्हा मात्र वेगळी: तेथे अज्ञात अंकाची ‘समान आहे काय’ ही तुलना असत्य आणि ‘असमान आहे काय’ ही तुलना सत्य ठरत असल्यामुळे, ‘शून्य नसलेले दिवस’ मागितले की रिकामे दिवसही त्यात येऊन बसतात. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तर त्याच तक्त्याची दोन उत्तरे त्याच्या हाती येतात.

‘विच’चा उल्लेख झालाच आहे, तर त्याच्या एका घातक उपयोगाबद्दल लिहिणे भाग आहे. नको असलेल्या ओळींचे क्रमांक ‘विच’ने काढायचे, त्यांना वजाचे चिन्ह लावायचे आणि उरलेल्या ओळी घ्यायच्या, अशी एक प्रचलित युक्ती आहे. नको असलेली एक जरी ओळ असेल तोवर ती ठीक चालते. पण एकही नसेल तर क्रमांकांची यादी रिकामी येते, रिकाम्या यादीला वजा लावले तरी ती रिकामीच राहते, आणि ‘काहीही वगळू नकोस’ याऐवजी ‘काहीही घेऊ नकोस’ असा त्याचा अर्थ होऊन सगळा तक्ता नाहीसा होतो. मी स्वतः एकदा अनेक वर्षांच्या पर्जन्यनोंदी एकामागून एक याच युक्तीने साफ करीत होतो. ज्या वर्षांच्या नोंदींत एकही दोष नव्हता, नेमकी तीच वर्षे अंतिम तक्त्यातून गहाळ झाली, आणि सदोष वर्षे तेवढी शिल्लक राहिली. हे माझ्या ध्यानात आले ते आलेखात पडलेल्या खिंडारांमुळे. सरासरीच काढली असती तर ते कधीच ध्यानात आले नसते, आणि या विचाराने मला अजूनही अस्वस्थ वाटते. अट स्वतःच उलटी करावी, क्रमांकांना वजा लावू नये, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

अट उलटी करण्यासाठी डी मॉर्गनचे नियम लागतात. ‘लोणावळा किंवा खंडाळा’ याच्या उलट ‘लोणावळा नव्हे आणि खंडाळा नव्हे’. बोलण्यात आपण ‘लोणावळा किंवा खंडाळा नसलेली ठिकाणे’ असे सहज म्हणतो आणि तसेच्या तसे लिहिले की प्रत्येक ओळ अटीत बसते, कारण लोणावळ्याची ओळ खंडाळ्याची नसतेच. मराठीतील ‘आणि’ही असाच फसवा आहे: ‘लोणावळा आणि वडगावच्या नोंदी दे’ या वाक्यातला ‘आणि’ तर्कशास्त्रात ‘किंवा’ होतो, कारण एकच नोंद दोन्ही ठिकाणची असू शकत नाही.

याच दोन गावांवरून आणखी एक सापळा. ठिकाणाच्या रकान्याची तुलना समानतेच्या दुहेरी चिन्हाने एकदम दोन नावांच्या यादीशी केली, तर वाचणाऱ्याला वाटते की दोहोंपैकी कोणतेही चालेल. प्रत्यक्षात ‘आर’ ती छोटी यादी पुन्हा पुन्हा वापरून पहिल्या ओळीची तुलना लोणावळ्याशी, दुसरीची वडगावशी, तिसरीची पुन्हा लोणावळ्याशी अशी करीत जाते. पहिल्या १२२ ओळी लोणावळ्याच्या आणि पुढच्या १२२ वडगावच्या असतील, तर २४४ पैकी नेमक्या १२२ ओळी हाती येतात, दोन्ही गावांच्या निम्म्या निम्म्या. २४४ ला दोनाने नि:शेष भाग जात असल्यामुळे साधी सूचनाही मिळत नाही. सरासरी जवळपास बरोबर येते, आलेखही चांगला दिसतो. अशा वेळी समानतेऐवजी ‘यादीत आहे काय’ हे विचारणारे, दोन टक्केचिन्हांमध्ये लिहिले जाणारे ‘इन’ वापरले पाहिजे. जोडअटीसाठीचे एकेरी आणि दुहेरी चिन्ह यांतला घोटाळा मात्र आता बराच निवळला आहे, कारण २०२३ च्या ४.३.० या आवृत्तीपासून एकाच मूल्यासाठी असलेले दुहेरी चिन्ह संपूर्ण रकान्याला लावले की भाषा थेट अडवते. पूर्वी ती फक्त पहिली ओळ पाहून गप्प बसत असे.

अट बिनचूक असूनही रकान्यातील मालच भेसळीचा असेल तर काय होते, हे आपल्याकडच्या तक्त्यांत फार पाहावे लागते. पावसाच्या रकान्यात कोणी एका ठिकाणी ‘नोंद नाही’ असे अक्षरात लिहिले, की संपूर्ण रकाना अक्षरांचा ठरतो आणि तुलना अंकांची न राहता कोशातल्या शब्दांच्या क्रमासारखी होते. मग ६५ पेक्षा जास्त पावसाचे दिवस मागितले असता १०० मिलिमीटरचा दिवस गळतो, कारण त्याचे पहिले अक्षर एक आहे. आणि ७ मिलिमीटरचा दिवस आत येतो, कारण सात हा सहाच्या पुढे आहे. देवनागरी अंकांत टंकलिखित केलेल्या नोंदींची अवस्था याहून बिकट: त्यांचे अंकांत रूपांतर करू गेल्यास ‘आर’ त्यांना ओळखत नाही आणि सूचना देऊन ‘एन ए’ लिहिते, ती सूचना कोणी वाचली नाही तर वर वर्णन केलेली मुकी गाळणी त्या सर्व नोंदी घेऊन जाते. ज्या लिपीत आपण लहानपणी पाढे शिकलो, तिचे अंक आधी बदलून घेतल्यावाचून चालत नाही, ही गोष्ट मला खटकते. पण ती वस्तुस्थिती आहे. दशमान पद्धती येण्यापूर्वीच्या नोंदी इंचांत आहेत. त्या तशाच राहिल्या तर २५.४ पटीने लहान असलेला प्रत्येक आकडा ६४.५ च्या अटीखाली राहून जुन्या काळी मावळात मुसळधार पाऊस पडतच नव्हता, असा निष्कर्ष निघेल.

नावांचेही तसेच. लोणावळा आणि लोणावळे, वडगाव आणि अनुस्वार दिलेले वडगांव, शेवटी एक अदृश्य जागा सुटलेले वडगाव, ही यंत्राला वेगवेगळी गावे आहेत. नावाचा अंश जुळवून घ्यावा म्हटले, तर ‘वडगाव’ या अंशात वडगाव मावळाबरोबर पुण्याजवळची वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुकही येतात. ‘कुसगाव’ म्हटले की लोणावळ्याजवळचे कुसगाव बुद्रुक आणि पवन मावळातले कुसगाव दोन्ही. महसुली दप्तरात गावाच्या नावापुढे बुद्रुक, खुर्द, तर्फ लिहिण्याची जी चाल आहे, ती पाल्हाळ नसून अटच आहे, असे अशा वेळी पटते. तारखेबाबत एवढेच सांगतो की, पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आदल्या चोवीस तासांचा असतो. म्हणून १ जुलैच्या ओळीत बराचसा पाऊस ३० जूनचा असतो, आणि महिन्याची अट लावणाऱ्याने हे ठरवून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाच्या सर्वांत गहन अंगाकडे वळतो. अट सर्व ओळींना एकच असावी काय? महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानली जाते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू मंडळात एवढा पाऊस एका दिवसात पडला तर उभे पीक आडवे होते आणि बांध फुटतात. लोणावळ्यात जुलै महिन्यात तो नित्याचा असतो, भाताची खाचरे त्याच्याच जोरावर भरतात. मदतीच्या कामासाठी नियम सर्वांना एक असावा लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘असामान्य पावसाचे दिवस’ शोधणाऱ्या अभ्यासकाने जिल्ह्याच्या एकत्रित तक्त्याला ६५ ची अट लावली, तर त्याच्या निकालात घाटमाथ्याचेच दिवस भरतील आणि त्याने वस्तुतः पाऊस न शोधता भूगोल शोधलेला असेल. पूर्वीची आणेवारी आणि आताची पैसेवारी यांची रचना या दृष्टीने अधिक विचारी आहे: तेथे त्या त्या गावाच्या प्रमाण उत्पन्नाशी त्याच गावाचे चालू उत्पन्न ताडून पाहतात आणि मग ५० पैशांची रेषा लावतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही २२५० उष्मांकांची कसोटी एकच ठेवून तिच्याशी जुळणारी खर्चाची रेषा ग्रामीण भागाला निराळी आणि नागरी भागाला निराळी घेतली होती. म्हणूनच ग्रामीण भागात ४० टक्के आणि नागरी भागात ५० टक्के लोक रेषेखाली आहेत, ही तुलना अर्थपूर्ण झाली.

‘आर’मध्ये यालाच गटवार गाळणी म्हणतात. तक्ता आधी ठिकाणानुसार गटांत विभागायचा, आणि मग ‘त्या ठिकाणच्या शंभर दिवसांपैकी सर्वाधिक पावसाच्या पाच दिवसांत बसणारा’ अशी अट प्रत्येक गटाला स्वतंत्रपणे लावायची; मग लोणावळ्याची रेषा उंच आणि तळेगावची खाली आपोआप येते. ‘डीप्लायर’मध्ये हे सर्वांत वाचनीय रीतीने लिहिता येते: गट पाड, मग गाळ, असे वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत जावे. गट पाडलेला आहे हे मात्र तक्त्याच्या पोटात लपून राहते, आणि दहा ओळींनंतर लावलेली साधी अटही गटवार लागू होते. म्हणून काम होताच गट मोडावा.

चौकटी कंस, ‘सबसेट’-‘फिल्टर’ आणि ‘डेटा डॉट टेबल’ या तिन्ही संप्रदायांचे गुणदोष एव्हाना बरेचसे आले आहेत. चौकटी कंस कोणत्याही पॅकेजावाचून चालतात आणि वीस वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आजही चालते, हा त्यांचा मोठा गुण. पण एकच रकाना मागितल्यास तक्ता मोडून नुसती माळ हाती येते, हा त्रास. ‘सबसेट’ आणि ‘फिल्टर’ अटीतील नाव आधी तक्त्याच्या रकान्यांत शोधतात आणि तेथे न मिळाल्यास बाहेर. त्यामुळे लिहिणे सुटसुटीत होते, पण बाहेर ठरविलेल्या मर्यादेचे नाव चुकून एखाद्या रकान्याशी जुळले तर अट भलत्याशीच लागते. ‘फिल्टर’ नावाचे आणखी एक फंक्शन भाषेत मुळातच आहे, कालक्रमिक मालिका गुळगुळीत करण्याचे. ‘डीप्लायर’ उघडावयास विसरलेल्याला ते भेटते आणि न समजणारी तक्रार करते. कोट्यवधी ओळी असतील तर २००६ पासून वाढत आलेली ‘डेटा डॉट टेबल’ निर्विवादपणे वेगवान, कारण ती क्रम लावून ठेवलेल्या रकान्यात कोशात शब्द शोधावा तशी शोधते. पण एका तालुक्याच्या पावसाला त्या वेगाची गरज पडत नाही. शिकणाऱ्याला मी चौकटी कंसांपासून सुरुवात करावयास सांगेन, रोजच्या कामाला ‘फिल्टर’ देईन, आणि दोन्हीकडे, गाळलेल्या ओळींचा तक्ता वेगळ्या नावाने जपून ठेवण्याचा आग्रह धरीन, कारण सरदेसायांनी न छापलेला कागद रुमालात राहिला म्हणूनच नंतरच्या अभ्यासकाला दुसरी कसोटी घेऊन त्याच दप्तरात पुन्हा उतरता आले.

आपल्या कल्पित तक्त्यातील त्या सहा रिकाम्या ओळींचे काय करायचे, ते अद्याप राहिलेच आहे. त्या भरून काढण्याची संख्याशास्त्रीय तंत्रे आहेत, पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी त्या सहा तारखा एका वेगळ्या फर्दावर उतरवून घ्याव्यात, त्या दिवशीचे खंडाळा, कार्ला आणि वडगाव येथील आकडे त्यांच्यापुढे मांडावेत, शेऱ्याच्या रकान्यात कोणी काही लिहिले आहे काय ते वाचावे, आणि आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत वळवणच्या तलावाची पातळी किती चढली, हे तेथील नोंदवहीत पाहून यावे.